घोडीची कंबर झुलते, रक्तात काय शोधायचं?

प्रश्न कामठीकडे प्रॅक्टिस करणाऱ्या एका तरुण पशुवैद्यकाचा आहे. थोडक्यात असा: वरातीची घोडी, वय ११ वर्षं, वजन अंदाजे ३०० किलो. चार महिन्यांपासून मागचा भाग झुलतो, मांड्या थरथरतात. दाणा-चारा सगळा फस्त करते, तरी अंग उतरत चाललंय. मालक म्हणतो, ‘कमरी झाली जी हिले, आता विकूनच टाकतो.’ डॉक्टरांच्या वाचनात आलं की मज्जातंतू झिजण्याचे आजार ओळखायला परदेशात घोड्याच्या रक्तातलं न्यूरोफिलामेंट मोजतात. ती तपासणी नागपुरात बसून कशी करायची, आणि आकडा वाढलेला आला तर निदान पक्कं समजायचं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे म्हणून आधी देतो: नाही. पहिल्याला जरा वेळ लागेल.

मज्जापेशीचा लांबच लांब धागा, म्हणजे अ‍ॅक्सॉन, आतून प्रथिनांच्या सांगाड्यावर उभा असतो. न्यूरोफिलामेंट हा त्या सांगाड्याचा मुख्य भाग. हलकं, मध्यम आणि जड अशा तीन प्रकारांत ते येतं. जड प्रकाराला फॉस्फेटचे भरपूर गट चिकटलेले असतात, त्यामुळे प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमना ते लवकर दाद देत नाही. अ‍ॅक्सॉन तुटला की हे तुकडे आधी पाठीतल्या पाण्यात उतरतात आणि तिथून थोडेसे रक्तात येतात. त्यांना एलायझाने, म्हणजे प्रतिपिंडांचा गळ टाकून प्रथिन मोजण्याच्या लॅबच्या पद्धतीने पकडायचं, एवढीच ही तपासणी. कल्पना चांगली आहे. जन्मतः मेंदूला मार बसलेल्या शिंगरांमध्ये हा मार्कर, म्हणजे आजाराची मोजता येणारी खूण, २०११ सालीच तपासला गेला. माणसांत तर मोटर न्यूरॉनच्या एका आनुवंशिक आजारावरचं टोफर्सेन हे औषध अमेरिकेत एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालं, ते हलक्या न्यूरोफिलामेंटचा आकडा खाली आला या आधारावर. म्हणजे मार्कर कच्चा आहे असं कोणी म्हणणार नाही.

पण तो सांगतो किती? मुसळधार पावसात आपल्या नाल्यातून कवेलू (छपराची कौलं) वाहत आले, तर वरच्या अंगाला कोणाचं तरी घर पडलं एवढं कळतं. कोणाचं पडलं आणि कशानं पडलं, हे कवेलू सांगत नाहीत. न्यूरोफिलामेंटचं तसंच आहे. मानेच्या मणक्यात दाबलेला मज्जारज्जू असो, जंताच्या अळीने केलेलं भोक असो की व्हिटॅमिनअभावी झिजलेला धागा असो, कवेलू सारखेच. दुसरी अडचण उलट बाजूने येते. घर एकदम कोसळलं तर नाला भरून कवेलू येतात, पण वर्षभर रोज एकेक घसरत असेल तर तुम्ही पुलावर उभे असताना एकही दिसणार नाही. सावकाश झिजणाऱ्या आजारात रक्तातला आकडा निरोगी घोड्यासारखाच येऊ शकतो, आणि बहुतेक वेळा तसाच येतो.

हे घोड्यांमध्ये नीट पाहिलं गेलंय. कोवळ्या वयात व्हिटॅमिन ई कमी पडलं आणि रक्तात अनुवंशाचं ओझं असलं, तर शिंगरांना एक आजार होतो. न्यूरोअ‍ॅक्सोनल डिस्ट्रॉफी किंवा डिजनरेटिव्ह मायलोएन्सेफॅलोपॅथी अशी त्याची दोन नावं, मुळात आजार एकच. त्यात रक्तातलं जड न्यूरोफिलामेंट मिलिलिटरला १ नॅनोग्रॅमच्या वर सापडलं तर संशयाला बळ येतं. पण त्या आजाराचे बहुसंख्य घोडे त्या रेषेच्या खालीच सापडतात. समजा एखादी तपासणी १०० आजारी घोड्यांतले १२ पकडते आणि निरोग्यांवर जवळजवळ कधीच खोटा आळ घेत नाही. अशी तपासणी ‘आहे’ म्हणाली तर ऐकायचं, ‘नाही’ म्हणाली तर तो कागद फाईलला लावून पुढे चालायचं. आपल्याकडे मात्र ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हटलं की मालक दुसऱ्याच दिवशी घोडीला झूल चढवून वरातीत उभी करतो. म्हणून हे आधीच बोललेलं बरं.

व्यवहाराचा मुद्दाही आहे. एलायझाच्या एका प्लेटीत ९६ खड्डे असतात. त्यातले बरेच स्टँडर्डला, म्हणजे प्रमाण आधीच माहीत असलेल्या नमुन्यांना जातात, शिवाय प्रत्येक नमुना दोनदा लावायचा. एका घोडीसाठी अख्खी प्लेट उघडणं परवडत नाही. एखाद्या संशोधन प्रकल्पात नमुने उणे ८० अंशांत साठवून एकदम लावतात तेव्हाच ते जमतं. संशयास्पद घोड्यांचं सिरम तुम्ही आजपासून साठवत गेलात तर मला आनंदच होईल. पण या घोडीचं उद्या काय करायचं, ते त्याने ठरणार नाही.

आता घोडीकडे येऊ. तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओत ती फक्त चालते आहे, आणि तरीही मला त्यात एक गोष्ट खटकली: ती बरी चालते. पाऊल आखूड आहे, पण प्रत्येक खूर जिथे पडायला हवा तिथेच पडतोय. मज्जारज्जूत बिघाड असलेला घोडा असा चालत नाही. त्याला आपला पाय कुठे आहे याचाच पत्ता नसतो. लहान गोलात फिरवला की बाहेरचा मागचा पाय उगाच लांब फेकतो, मागे सरकवलं की पाय ओढतो, तोंड वर धरून उतारावरून आणला की पुढच्या पायांनी लाकडी बाहुलीसारखा टाकत येतो. कधी स्वतःच्याच खुरावर खूर ठेवून तसाच उभा राहतो आणि त्याला ते कळतही नाही. याला मी ‘अंदाज गेलेला घोडा’ म्हणतो. तुमची घोडी ‘जोर गेलेली’ वाटते. दोन्हींना मालक ‘झुलते’ हाच एक शब्द वापरतो, आणि अर्धा घोळ तिथेच होतो.

जोर गेलेला घोडा ओळखायचा तो उभा असताना. चालवून आणा, सपाट जागी सोडा आणि काही न बोलता दोन मिनिटं बघत राहा. मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी मरण्याचा आजार असेल तर ती एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत राहील. हळूहळू चारही पाय पोटाखाली गोळा होतील, सर्कशीतला हत्ती स्टुलावर उभा राहतो तसे. मान खाली येईल. खांद्यामागचा आणि मांडीचा स्नायू कातडीखाली वळवळताना दिसेल, शेपटीचा बुंधा किंचित उचललेला असेल. आणि मग ती खाली बसेल, कारण उभं राहणं तिला चालण्यापेक्षा जड जातं. दिवसातून किती वेळ बसून असते ते मालकाला विचारा. ‘आराम करते जी’ असं सांगतील. शेपटी बाजूला ओढून बघायची तीही दोनदा, उभी असताना आणि चालताना. जोर गेलेली घोडी उभी असतानाच सहज ओढली जाते. अंदाज गेलेली उभी असताना पाय रोवून टिकते आणि चालताना ओढली जाते.

या आजाराचं वर्णन अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या मंडळींनी १९९० मध्ये पहिल्यांदा केलं. तेव्हापासून चित्र फारसं बदललेलं नाही: दोन वर्षांवरचा घोडा, वर्ष-दीड वर्ष हिरव्या चाऱ्याचं तोंड पाहिलेलं नाही, रक्तात व्हिटॅमिन ई तळाला. मज्जारज्जूच्या पोटाकडच्या भागात स्नायूंना हुकूम देणाऱ्या ज्या पेशी असतात, त्या ऑक्सिडेशनने जळतात. ज्या स्नायूंना दिवसभर उभं राहण्याची ड्यूटी आहे त्यांचे धागे सतत ऑक्सिजन जाळणारे असतात, म्हणून पहिला मार त्यांना. उभं राहणं चालण्यापेक्षा जड का जातं, त्याचं कारण हेच.

आता नागपुरातल्या वरातीच्या घोड्याचं खाणं आठवा. मोमिनपुऱ्याच्या, कामठीच्या, सदरच्या मागल्या गल्ल्यांमधल्या तबेल्यांत माझी उमर गेली. तिथे काय असतं? ज्वारीचा कडबा, तुरीचं नाहीतर गव्हाचं कुटार, हरभरा, गव्हाचा कोंडा, थोडी चुनी (डाळ भरडताना उरलेला चुरा), लग्नसराईत वर गूळ. हिरवा चारा पावसाळ्याचे दोन-तीन महिने, तोही मिळाला तर. व्हिटॅमिन ई ताज्या हिरव्या पानात असतं. पान वाळलं की ते उडायला लागतं, आणि मेच्या ४५ अंशांत गच्चीवर रचलेल्या कडब्यात जवळपास काही उरत नाही. घोड्याला ते स्वतः तयार करता येत नाही. घोडी खात नाही म्हणून नव्हे, पोटभर कोरडं खाते म्हणून झिजते, हे मालकाच्या गळी उतरवणं हे निदानापेक्षा अवघड काम आहे.

म्हणून या घोडीसाठी पहिला बायोमार्कर सिरममधलं अल्फा-टोकोफेरॉल, म्हणजे व्हिटॅमिन ई. मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर पुरेसं, दीड ते दोनच्या मध्ये काठावर, दीडच्या खाली कमतरता. मोटर न्यूरॉनच्या घोड्यांत आकडा बहुधा बराच खाली असतो. एकाच घोड्यात तो दिवसभरात वरखाली होतो, त्यामुळे काठावरचा आकडा आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घ्या. ही तपासणी उच्च दाबाच्या क्रोमॅटोग्राफीवर होते. माणसांचे नमुने घेणाऱ्या मोठ्या खाजगी लॅब ती करतात. फक्त रिपोर्टावर छापलेली ‘नॉर्मल’ची पट्टी माणसाची असते, ती वाचू नका.

इथे माझी एक चूक सांगतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात, मे महिन्यात, अशाच एका अबलख घोडीचं रक्त घेतलं. रबरी बुचाची साधी ट्यूब, ती आडवी टाकली स्कूटरच्या डिकीत. वाटेत आणखी दोन कॉल केले. चार तासांनी लॅबमध्ये पोचलो तेव्हा सिरम वेगळं काढल्यावर रंग दिसला तो जांभळाच्या सरबताचा. रक्तपेशी फुटल्या होत्या. तरी पाठवलं. आकडा इतका कमी आला की मी मालकाला छातीठोकपणे निदान सांगून मोकळा झालो. पंधरा दिवसांनी पुन्हा नीट नमुना घेतला, तेव्हा आकडा पुरेशाच्याही वर होता. व्हिटॅमिन ई उजेडात मरतं, उन्हात मरतं, पेशी फुटल्या की मरतं आणि रबराच्या बुचाला लागून राहिलं की रबर ते शोषून घेतं. त्या घोडीला पुढे मानेच्या मणक्याचा त्रास निघाला. मधले पंधरा दिवस मी तिला कॅप्सूल चारत होतो.

तेव्हापासून रबरी बूच टाळतो. ट्यूब उभीच ठेवतो, घेतल्या क्षणी चांदीच्या कागदात गुंडाळतो (पोळ्यांच्या डब्यातला फॉइल चालतो, माझ्या गाडीत एक रोल कायम असतो), गोठू देऊन बर्फाच्या डब्यात टाकतो. बर्फाला ट्यूब थेट टेकू द्यायची नाही, मध्ये फडकं. दोन तासांत सिरम वेगळं करायचं. सिरम गुलाबी दिसलं तर फेकून द्या आणि पुन्हा घोडीकडे जा. नागपुरात एप्रिल ते जूनमध्ये हे रक्त सकाळी सातच्या आतच घ्यावं असं माझं मत आहे.

दुसरा मार्कर फुकटचा आहे आणि कोणी बघत नाही. डोळ्याचा पडदा. ऑफ्थॅल्मोस्कोप घेऊन अंधाऱ्या तबेल्यात जा. जुन्या मोटर न्यूरॉनच्या घोड्यांत बऱ्याचदा पडद्यावर पिवळट-तपकिरी जाळीदार रेघा दिसतात. ते लिपोफ्युसिन, जळलेल्या चरबीची राख म्हणा. व्हिटॅमिन ई लांबकाळ कमी होतं याची ती नोंद असते, आणि आज कॅप्सूल चालू असली तरी ती लगेच पुसली जात नाही. त्याच्या जोडीला रक्तातले स्नायूंचे एन्झाइम, सीके आणि एएसटी, मध्यम वाढलेले असतात. हजारोंच्या घरात गेले तर आजार स्नायूचा समजा.

तिसरा मार्कर शेपटीच्या बुंध्यात आहे. तिथल्या वरच्या बाजूच्या स्नायूचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, घोडी उभी असताना, झायलॅझिनची हलकी गुंगी आणि लिग्नोकेन देऊन काढता येतो. मज्जातंतू गेलेल्या स्नायूचे धागे सूक्ष्मदर्शकात आक्रसून कोनदार झालेले दिसतात, आणि ही तपासणी बहुतांश आजारी घोडे पकडते. मोटर न्यूरॉनसाठी जिवंत घोड्यात यापेक्षा भरवशाचं काही नाही. तुकडा फॉर्मालिनमध्ये टाका आणि सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेजच्या विकृतिशास्त्र विभागाशी बोलून घ्या. पाठवण्याआधी फोनवर केस सांगा. नुसता डबा आणि एका ओळीची चिठ्ठी गेली तर उत्तरही एका ओळीचंच येतं.

पण हे सगळं करण्याआधी काही आजार बाजूला काढावे लागतील. ते आधी लिहायला हवं होतं, पण घोडी पाहून मीच पुढे धावलो.

रेबीज. चार महिन्यांचा इतिहास असेल तर तो बहुधा नाहीच, रेबीज इतके दिवस थांबत नाही. पण झुलणाऱ्या प्रत्येक नव्या घोड्याच्या तोंडात हात घालण्याआधी हातमोजे घाला आणि कुत्रं चावल्याचं विचारा. घशात काही अडकलं असेल म्हणून उघड्या हाताने तोंड तपासणारे डॉक्टर मी पाहिलेत.

सर्रा. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स यांनी पंजाबातल्या घोडे-उंटांच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा शोधला, आणि तो परजीवी अजून आपल्या मानगुटीवर आहे. पावसाळ्यानंतर डांस-माश्या वाढल्या की केसेस येतात. चढउतार होणारा ताप, पांढरे पडलेले डोळे, पोटाखाली सूज आणि जुनाट केसमध्ये मागचा भाग लुळा. तुमच्या घोडीशी हे चित्र किती जुळतं बघा: खाते आणि वाळते. म्हणून तिची रक्ताची ताजी काच करायलाच हवी. एक काच स्वच्छ आली म्हणून सोडू नका. परजीवी लाटांनी येतो, म्हणून ताप असेल त्या दिवशीची काच घ्या. पीसीआर त्याहून चांगली, आणि हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे सिरम पाठवून अँटिबॉडी तपासून घेता येतात. सर्रावरची नेहमीची औषधं मेंदूत नीट पोचत नाहीत. त्यामुळे ताप गेला तरी झुलणं परत येऊ शकतं, आणि मग लोक त्यालाच ‘झिजण्याचा आजार’ म्हणतात.

आणि मालक म्हणतो ती ‘कमरी’. तो शब्द त्याने हवेतून काढलेला नाही. कुमरी हा जुना, खरा आजार आहे. गाईबैलांच्या पोटात राहणाऱ्या सेटॅरिया या जंताची पिल्लं डासावाटे चुकून घोड्यात शिरतात आणि मज्जारज्जूत भटकतात. तबेल्याशेजारी गोठा आणि मध्ये डबकं, हे आपल्याकडे नेहमीचंच. पण तो बहुधा अचानक येतो, एका अंगाला जास्त असतो, आणि त्यात अंदाज जातो. चार महिने दोन्ही बाजूंनी सारखं वाळत जाणं त्यात बसत नाही. शंका वाटली तर पाठीतलं पाणी काढा. त्यात इओसिनोफिल (जंत असले की वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दिसले तर दिशा मिळते.

आता चुनी. विदर्भात काम करणाऱ्याने हा भाग नीट वाचावा, परदेशी पुस्तकात तो दोन ओळींत उरकलेला असतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे धानाच्या बांधीत ओलीवर लाखोळी (लाखेची डाळ) पेरतात. डाळ माणसाच्या पोटात जाते, चुनी आणि भुसा जनावरांच्या. लाखोळीत ओडॅप नावाचं अमिनो आम्ल असतं. ते मज्जापेशीला ग्लुटामेटचं, म्हणजे तिला चेतवणाऱ्या रसायनाचं सोंग घेऊन भिडतं आणि तिला थकवून मारतं. माणसांत महिनोन्महिने तेच मुख्य अन्न झालं की पाय कायमचे ताठरतात. त्याच भीतीपोटी १९६१ मध्ये देशात तिच्या विक्रीवर बंदी आली होती. घोडा याबाबत बैलापेक्षा कितीतरी नाजूक. बैल महिनोन्महिने खाऊन धड राहतो, घोड्याचे मागचे पाय जातात. पण त्याआधी किंवा त्याच्या जोडीला स्वरयंत्राची नस जाते. घोडी पळवली की श्वास आत घेताना घोरल्यासारखा, भोंग्यासारखा आवाज येतो. वरातीच्या घोडीला कोणी पळवतच नाही, म्हणून तो आवाज ऐकूच येत नाही. तुम्ही तिला दोरीवर चार-पाच फेऱ्या दुडकी चालवा आणि कान लावा.

लाखोळीसाठी रक्तात काय शोधायचं? काही नाही. इथला मार्कर गव्हाणीत असतो. तोबऱ्यातली मूठभर चुनी पांढऱ्या कागदावर पसरा. लाखोळीचा दाणा गोल नसतो, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा चपटा-कोनाचा असतो आणि टरफल करड्या-तपकिरी रंगाचं, ठिपक्यांचं. चुनीत तुटलेल्या दाण्यांचे कोपरे ओळखू येतात. भेसळ करणारा दुकानदारही ते ओळखतो, म्हणून तो बारीक दळून देतो. तशी चुनी असेल तर सरळ बंद करा.

मक्याचंही त्याच पठडीतलं. ओल लागून बुरशी आलेल्या मक्यात फ्युमोनिसिन तयार होतं, आणि त्याने घोड्याच्या मेंदूचा पांढरा भाग अक्षरशः पाणी होतो. त्याला चांगला बायोमार्कर आहे: रक्तातलं स्फिंगानीन आणि स्फिंगोसीन यांचं प्रमाण, कारण हे विष पेशीच्या चरबी बनवण्याच्या साखळीत नेमकं तिथेच बोट घालतं. पण तो आजार तासा-दिवसांत घोडा घेऊन जातो. चार महिने थांबणाऱ्या घोडीत त्याचा विचार नको.

तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध नाही, पण मोह आवरत नाही म्हणून एक सांगतो. घोड्यातला मज्जातंतू झिजण्याचा सर्वांत जास्त आढळणारा आजार कोणता विचारलं तर बहुतेक डॉक्टरांच्या तोंडून नाव येत नाही. तो आहे म्हाताऱ्या घोड्यांचा ‘कुशिंग’, म्हणजे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या मधल्या भागाचा बिघाड. मुळात मेंदूतल्या डोपामिनच्या नसा झिजतात, पार्किन्सनच्या चुलत भावासारख्या. त्या नसा म्हणजे पिट्युटरीचा ब्रेक. ब्रेक गेला की एसीटीएच हे तिचं हार्मोन वाहू लागतं, आणि ते ईडीटीएच्या ट्यूबमध्ये थंड ठेवून सहज मोजता येतं. रक्ताची तपासणी इथेच खरी कामाला येते, आणि कारण साधं आहे: इथे तुटलेल्या नसेचे तुकडे शोधावे लागत नाहीत, ब्रेक गेल्यामुळे सुटलेली गाडी दिसते. श्रावण-भाद्रपदापासून हा आकडा निरोगी घोड्यातही वाढतो, म्हणून ऋतू पाहूनच वाचायचा. परदेशी तक्त्यातले महिने जसेच्या तसे लावू नका, आपला दिवस त्यांच्याइतका लहानमोठा होत नाही. नागपुरात त्याची बाहेरून दिसणारी खूण मजेदार आहे: मे महिना, बाकी सगळे घोडे गुळगुळीत, आणि एकाच म्हाताऱ्याच्या अंगावर थंडीतली लोकर. मालक त्याला ‘तब्येतीचा’ म्हणून मिरवतो.

या घोडीचं काय करायचं ते आता सांगतो. रक्ताची काच, हिमोग्लोबिन, सीके-एएसटी आणि व्हिटॅमिन ई, एकाच सुईत. डोळे त्याच भेटीत. व्हिटॅमिन ईचा आकडा येईपर्यंत थांबायची गरज नाही, पण नमुना घेतल्याशिवाय एकही कॅप्सूल देऊ नका, नाहीतर तुम्ही स्वतःच दिलेलं औषध मोजत बसाल. मात्रा किलोला १० युनिट, म्हणजे तिला रोज ३,००० युनिट. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ४०० मिलिग्रॅमच्या सात-आठ कॅप्सूल झाल्या, टोचून थोड्या तेलातून कोंड्यात मिसळायच्या. ते कृत्रिम एस्टर आहे, आकडा सावकाश चढवतं. नैसर्गिक, पाण्यात विरघळणारं रूप मिळालं तर ते घ्या, फरक मोठा पडतो. सेलेनियम मिसळलेलं इंजेक्शन मात्र व्हिटॅमिन ईच्या आशेने वाढवू नका. ईची मात्रा पुरी होण्याआधी सेलेनियमची विषबाधा होईल, आणि शिरेतून दिलं तर घोडी जागेवर कोसळण्याचा धोका वेगळा.

चुनी आजच बंद. लसूणघास किंवा मका-ज्वारीचा हिरवा चारा रोज, जमेल तेवढा. ज्वारीचं पीक फुटव्यात, कोवळं किंवा पाण्याविना सुकत असेल तर नको. त्यात विष असतं, आणि बैलपोळ्याच्या आसपास दरवर्षी कोणीतरी जनावर गमावतं. वरात बंद, निदान तीन महिने. मोटर न्यूरॉन निघाला तर मेलेल्या पेशी परत येणार नाहीत. काही घोडे दीड-दोन महिन्यांत सावरतात, काही आहेत तिथेच थांबतात, काही घसरतच राहतात. सावरलेल्या घोड्यावर पुन्हा माणूस बसवावा का, यावर माझ्या ओळखीतच दोन मतं आहेत. माझं मत नाही असं आहे. पाय कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि वरातीत वर नवरदेव असतो, पुढे फटाके आणि बाजूला पोरं. मालकाला विकायची घाई झाली आहे. त्याला एवढंच सांगा की तबेल्यातल्या बाकीच्या घोड्यांनाही हेच कुटार आहे. त्यातल्या एखाद्या धडधाकट दिसणाऱ्याचंही रक्त याच नमुन्यासोबत पाठवा. त्याचा आकडाही दीडच्या खाली आला तर तो माणूस घोडी विकायचं सोडून लसूणघास आणायला पळेल, असा माझा अनुभव आहे.

न्यूरोफिलामेंटसाठी हवं तर त्याच रक्तातून दोन मिलिलिटर सिरम वेगळं काढून गोठवून ठेवा, तारीख घालून.

आणि पुढचा व्हिडिओ पाठवाल तेव्हा चालतानाचा नको. सकाळी, सपाट जागी, नुसती उभी असलेली घोडी दोन मिनिटं. कॅमेरा हलवू नका, चारही खूर दिसले पाहिजेत. आणि कागदावर पसरलेल्या चुनीचा एक फोटो, सावलीत काढलेला.